तुझं तू ठरीव

आबांनी सातबारा बापूच्या नावावर केला त्याला ह्या जूनमध्ये चार वर्षं झाली. बक्षीसपत्र झालं, तलाठ्याकडं फेरफार पडला, पेढे वाटले, आबांनी देवाला नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, आता मी मोकळा, आता बाग जाणे आणि बापू जाणे. आबांना तेव्हा सत्तरावं लागलेलं. ड्रिपचा व्हॉल्व मात्र पुढची दोन वर्षं आबांच्याच हातात होता.

आबा म्हणजे आमचे वडील आणि बापू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आटपाडीपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव, चार एकर डाळिंब, सगळं भगवा जातीचं. मी सांगलीत शाळेत शिकवते, सुट्टीला आणि मध्येमध्ये शनिवार-रविवारी गावी जाते. त्यामुळं हे सगळं मी काही लांबून ऐकलेलं नाही, पण रोजचं बघितलेलंही नाही, तुकड्यातुकड्यानं बघितलंय. कदाचित म्हणूनच मला ते दिसलं, रोज तिथं असणाऱ्याला एवढं दिसत नसेल.

व्हॉल्व हातात असणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी डाळिंब नाही त्यांना सांगायला हवं. डाळिंबाचा बहार, म्हणजे फुलं-फळांचा हंगाम, आपण धरायचा असतो, पावसाळ्याच्या तोंडावरचा मृग, पाऊस सरतानाचा हस्त की थंडीतला आंबिया, ते शेतकऱ्यानं ठरवायचं. आणि बहार धरायचा तर आधी बागेला ताण द्यायचा, म्हणजे महिना-सव्वा महिना पाणी पूर्ण बंद. झाड पिवळं पडतं, पानं मलूल होतात, बघणाऱ्याला वाटतं गेली बाग. मग पानगळ करायची, छाटणी करायची, खत टाकायचं आणि मग पहिलं पाणी सोडायचं, की सगळ्या झाडाला एकदम कळी फुटते. ताण नीट बसला तर कळी एकसारखी, ताण मोडला तर कळी मागंपुढं, वर्षभराचं गणित बिघडतं. म्हणजे खताची पोती कुणीही आणावीत, फवारणीचं वेळापत्रक कुणीही लिहावं, पाणी कधी बंद आणि कधी चालू हे ज्याच्या हातात तो खरा मालक.

आबांनी आयुष्यभर मृग धरला. आमच्या माणदेशात पाणीच नव्हतं, पाऊस आला तर आला, त्याच्या भरवशावर मृगच धरायला लागायचा. पण पावसातल्या बहारावर तेल्या रोग येतो, फळाला काळे डाग पडतात, तडकतं, व्यापारी हात लावत नाही. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, शेततळं आहे, तर बापूचं म्हणणं हस्त धरू, पावसाच्या तडाख्यातून फळ वाचेल. पहिल्या वर्षी आबा नको म्हणाले तर बापूनं ऐकलं. दुसऱ्या वर्षी त्यानं ठरवलंच. ऑगस्टमध्ये पाणी तोडलं.

तीन आठवडे झाले असतील. मी गणपतीला गावी गेले होते. सकाळी बापू बागेतून आला, तोंड धुतलं, चहा घेतला नाही, नुसता ओट्यावर बसला. मग म्हणाला, "आबा, पाणी सोडलंय व्हय?" पाऊस तर झालेला नव्हता आणि नळ्यांखाली गोल गोल ओल होती, प्रत्येक ड्रिपरखाली एक. आबा भाकरी खात होते. त्यांनी वर बघितलं नाही. "मीच सोडलं. तासभरच सोडलं. बघवंना मला."

मला त्या दोघांचाही राग आला नाही, दोघांचंही फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं ज्या झाडांना ह्या माणसानं हंड्यानं पाणी घातलं, ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकवत ऐकवत आम्हाला वाढवलं, त्याच्या डोळ्यांसमोर झाडं मुद्दाम तहानलेली ठेवायची आणि घरात व्हॉल्व असताना त्यानं हात लावायचा नाही. आणि दुसरीकडं बापू, कागदावर मालक, वय अडतीस, दोन पोरांचा बाप, आणि रात्रीत त्याचा निर्णय कुणीतरी तासाभरात ओला करून टाकला.

त्या वर्षी कळी मागंपुढंच झाली. एका झाडावर लिंबाएवढी फळं आणि शेजारच्यावर अजून फुलं. आबा त्याबद्दल काही बोलले नाहीत आणि बापूही नाही. पण त्या दिवाळीनंतर आबांनी व्हॉल्वच्या खोलीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि परत काढली नाही.

ही गोष्ट मी बरेच दिवस मनात घेऊन फिरत होते आणि त्यातच शाळेची सहल निघाली औंधला.

पुण्यातल्या लोकांना औंध म्हटलं की पुण्यातलं औंध आठवतं. मी म्हणते ते साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराचं. डोंगर चढताना मध्येच भवानी संग्रहालय लागतं. पोरं आत पळाली, राजा रविवर्म्याची चित्रं बघितली, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प बघितलं (एवढ्या आडबाजूच्या गावात हेन्री मूर आहे हे मी दर वेळी लोकांना सांगते आणि लोक दर वेळी विश्वास ठेवत नाहीत). पोरं रांगेत लावता लावता माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे संग्रहालय राजानं उभं केलं १९३८ मध्ये, आणि त्याच १९३८ मध्ये त्यानं राज्य सोडलं.

आमची आटपाडी ह्याच औंध संस्थानातली. संस्थान तसं एवढंसं, ७२ गावं, साधारण ५०० चौरस मैल, आणि तेही सलग नाही. औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल तिसरीकडं, गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला, मध्ये दुसऱ्यांच्या हद्दी. माझी आजी शेवटपर्यंत "आमच्या संस्थानात" असंच म्हणायची, सांगली जिल्हा हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नाही. शाळेत सूर्यनमस्कार घालायला लागायचे, मुलींनासुद्धा, हे ती फार अभिमानानं सांगायची, आणि सत्तरीतसुद्धा कंबर न धरता वाकायची.

हे राजे म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोक बाळासाहेब म्हणायचे. जन्म १८६८ चा, गादीवर आले १९०९ मध्ये. ह्या माणसाबद्दल वाचलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की ह्यांना प्रत्येक गोष्टीत मत होतं. स्वतः चित्रं काढायचे, स्वतः कीर्तन करायचे, सूर्यनमस्कार स्वतः घालायचे, घरच्यांकडून घालून घ्यायचे, शाळांमध्ये तर सक्तीच होती. प्रजेनं काय खावं, कसा श्वास घ्यावा, कसं वाकावं इथपर्यंत लक्ष घालणारा राजा. आमच्या आबांसारखाच. आबांनासुद्धा भाकरी कशी थापावी ह्यात मत असतं.

आणि देण्याची सवय त्यांना आधीपासून होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायला लागला तेव्हा ह्यांनीच कुंडल रोड स्टेशनाजवळची माळाची जमीन दिली, कर्जाऊ पैसे दिले. निवडुंग आणि नागांचं रान होतं ते, तिथं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचं वेदांची पुस्तकं काढणारं स्वाध्याय मंडळ औंधात वाढलं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवली त्याला ह्यांनी लाखभर रुपये देऊ केले, त्या काळातले लाखभर. पण मला असं वाटतं की जमीन देणं, पैसे देणं हे एक आणि अधिकार देणं हे दुसरं. दान देताना देणाऱ्याचा हात वर असतो. दिल्यानंतरही तो देणाराच राहतो, लोक पाया पडतात, पाटीवर नाव लागतं. आबांनीसुद्धा आयुष्यात खूप दिलं. शाळेला जागा दिली, चुलत्याच्या लग्नाला बैलजोडी विकली. त्याचा त्यांना कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो व्हॉल्वचा.

तर झालं असं की राजांचा मुलगा आप्पासाहेब, १९१२ चा जन्म, ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन १९३७ मध्ये परत आला. पंचविशीतलं पोर. त्याची ओळख झाली मॉरिस फ्रीडमन नावाच्या माणसाशी, पोलंडचा ज्यू इंजिनियर, बंगळुरूला सरकारी विजेच्या कारखान्यात काम करायला आला आणि इथलाच होऊन गेला, भगवी वस्त्रं घातली, भारतानंद नाव घेतलं, गांधीजींच्या नादी लागून सूत कातायचं नवं साधन बनवलं. (पुढं कित्येक वर्षांनी मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली ती ह्याच माणसानं.) ह्या दोघांनी म्हाताऱ्या राजाला सांगितलं की राज्य लोकांना द्या. आणि राजा हो म्हणाला.

मी ह्या ठिकाणी नेहमी थांबते. सत्तर वर्षांचा माणूस, २९ वर्षं गादीवर, परदेशातून नुकतंच आलेलं आपलंच पोर आणि त्याचा एक भगव्यातला परदेशी दोस्त समोर उभे राहून सांगतायत की सोडा, आणि हा माणूस "तुला काय कळतंय" म्हणत नाही. आपल्याकडं घरोघरी हे वाक्य तयार असतं ना, तुला काय कळतंय, उन्हाळे-पावसाळे. शेजारच्या चार गुंठ्यांसाठी म्हणतात, इथं ७२ गावं होती.

नोव्हेंबर १९३८ मध्ये घोषणा झाली. सगळे सेवाग्रामला गेले, गांधीजींनी त्यात स्वतः लक्ष घातलं, राज्यघटना कशी असावी ते बसून ठरलं, आणि राजघराण्यानं साधं राहावं हा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९३९ मध्ये कायदा झाला. गावानं आपले पंच निवडायचे, त्या पंचांमधून तालुक्याचा कारभार बघणारे, तिथून राज्याच्या विधिमंडळावर. तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. म्हणजे सत्ता खालून वर जाणार, गावच्या देवळापुढच्या पारापासून.

ह्यावर लोक काय म्हणतात ते मला माहितीय, कारण आमच्या स्टाफरूममध्येच एक सर म्हणाले, "मॅडम, इंग्रज जाणारच होते, संस्थानं जाणारच होती, एवढंसं राज्य, सोडलं तर काय मोठंसं?" मला हे पटत नाही, मनापासून पटत नाही. १९३८ मध्ये कुणाला माहीत होतं इंग्रज कधी जाणार? महायुद्धसुद्धा सुरू व्हायचं होतं. बाकीच्या बहुतेक राजांनी सह्या केल्या त्या १९४७-४८ मध्ये, दिल्लीहून माणसं आली, कागद पुढं ठेवला तेव्हा. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यातही चांगले होते. पण ते देणं वरच्याला देणं होतं. आपल्यापेक्षा मोठा दारात उभा राहिला की माणूस देतोच. ज्यांनी काल आपल्यापुढं हात जोडले त्यांच्या हातात द्यायचं, ज्यांना अजून अक्षरओळखसुद्धा धड नाही त्यांच्या हातात, हे अवघड. आणि राज्य लहान होतं म्हणून सोपं होतं हेही मला उलटंच वाटतं. मोठ्या राज्यात राजाला माणसं दिसत नाहीत. इथं कोण पंच झाला, तो किती भांडखोर, त्याच्या बापानं काय केलं होतं, सगळं माहीत असणार. अनोळखी माणसावर विश्वास टाकणं एकवेळ जमतं. ज्याचे दोष आपल्याला पाठ आहेत त्याच्यावर टाकायचा, तिथं कस लागतो.

आबांना बापूचे दोष पाठ आहेत.

अजून एक गोष्ट ह्यात आमच्या अगदी अंगणातली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे, ह्याच प्रयोगातून १९३९ मध्ये सुरू झालेली. फ्रीडमनची कल्पना. मोठ्या गुन्ह्यांतले कैदी, खुनाचेसुद्धा, त्यांना भिंत नाही, साखळदंड नाही, शेती करायची, कुटुंबाला बरोबर ठेवायचं. त्यावरूनच पुढं 'दो आँखें बारह हाथ' हा गाजलेला हिंदी सिनेमा निघाला, सिनेमा सगळ्यांना माहितीय, वसाहत फारशी कुणाला नाही. लहानपणी आबा बाजारला नेताना त्या बाजूनं गेलं की सायकल हळू करायचे आणि म्हणायचे, बघ, कुंपण नाही. आम्ही डोळे फाडून बघायचो, आम्हाला कैदी दिसायचे नाहीत, शेतात काम करणारी माणसं दिसायची. आबांचं कौतुक कैद्यांचं नव्हतं, मला आता वाटतं. ज्या कुणाला पहिल्या रात्री कुलूप न लावता झोप लागली असेल त्याचं होतं.

आणि राजा पुढं काय करत होता? तो कुठं गेला नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ह्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. काशीला गेला नाही, मुंबईत बंगला घेतला नाही. तिथंच औंधात, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, त्याच लोकांमध्ये राहिला. जानेवारी १९३९ ते मार्च १९४८, नऊ वर्षं. ह्या नऊ वर्षांत महायुद्ध झालं, बेचाळीस झालं, प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याचं एक मोठं ठाणं म्हणजे कुंडल, ह्याच संस्थानातलं, भूमिगतांना हद्द ओलांडून आसरा मिळायचा. पंचायतींमध्ये भांडणं झाली असतीलच, माणसं आहेत. चुकीचे निर्णय झाले असतील, एखाद्या गावानं रस्ता सोडून भलतंच काही बांधलं असेल. आणि त्या माणसाला सगळं दिसत असणार, रोज पहाटे सूर्यनमस्कार घालताना समोर दिसत असणार, आणि मत तर प्रत्येक गोष्टीत होतंच. दूर जाऊन गप्प बसणं त्यामानानं सोपं. समोर बसून झाडं पिवळी पडताना बघायची आणि किल्ली खिळ्यावरच राहू द्यायची.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं, दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर. राजा १९५१ मध्ये गेला. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, एवढाले तुकडे घेऊन देश कसा चालणार, त्यात दुमत नाही. पण एक गोष्ट मला लागते. राजानं जे गावाला दिलं होतं ते गावाकडून परत वर गेलं, आता साध्या विहिरीच्या मंजुरीसाठी मुंबईकडं बघायचं. पंचायतींना घटनेत जागा मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीनं, १९९३ मध्ये लागू झाली. म्हणजे आमच्या ७२ गावांनी जे एकदा हातात घेतलेलं ते ५४ वर्षांनी परत मिळालं, तेही सगळं नाही. आजही आमच्या सरपंचबाई महिन्यातून चार वेळा पंचायत समितीत चकरा मारतात, ह्या टेबलावरून त्या टेबलावर. आजी असती तर म्हणाली असती, संस्थानात असं नव्हतं. तिच्या म्हणण्यात थोडी माया मिसळलेली असणार हे मला कळतं, तरी ती अगदीच चूक नव्हती.

सहलीहून आल्यावर महिन्याभरानं मी गावी गेले. तिसरं वर्ष. बापूनं परत हस्त धरला होता, ह्या वेळी ताण नीट बसला, ऑक्टोबरमध्ये बाग अशी फुलली की बांधावरून नुसती लाल दिसत होती, लोक बघायला यायचे, बापूनं फोटो काढून आमच्या घरच्या ग्रुपवर रोज एक टाकला. आणि मग पाऊस आला. आमच्याकडं नको तेव्हा येतो तसा, तीन दिवस तीन रात्री. मी नेमकी त्या शनिवारी तिथं होते. रविवारी सकाळी उघडीप मिळाली तशी मी आणि आबा बागेत गेलो. फुलं सगळी खाली. झाडाखाली नुसता लाल चिखल. डाळिंबाचं फूल जाड असतं, मेणासारखं, ते पडल्यावर लगेच कोमेजत नाही, तसंच टवटवीत पडून राहतं, त्यामुळं अजूनच वाईट दिसतं.

बापू पलीकडच्या टोकाला उभा होता, पाठमोरा.

आबा खाली बसले. दोन्ही हातांनी फुलं गोळा करायला लागले, ओंजळभर झाली, मग पुढं काय करायचं ते त्यांना कळेना म्हणून तशीच धरून बसले. मी वाट बघत होते. खरं सांगते, मी मनातल्या मनात वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं, "आबा, आत्ता नको" म्हणायचं. कारण मला पक्कं वाटत होतं की आता ते येणार, मी सांगत नव्हतो का, मृग धरला असता तर. चाळीस वर्षांचा अनुभव ओंजळीत घेऊन बसलेला माणूस, आणि ह्या खेपेला तो बरोबर निघाला होता.

बापू चालत आला. चिखलानं पाय जड झालेले, एकेक पाऊल उपटत आला. आबांनी ओंजळीतली फुलं झाडाच्या बुडात ठेवली, माती सारली, उठताना बापूच्या हाताला धरून उठले आणि म्हणाले, "चरातलं पाणी काढून दिऊ आधी, बुडात थांबलं तर मर लागंल." आणि दोघंही खोरी आणायला गेले. बस एवढंच. त्या दिवशी घरात कुणी बागेचा विषय काढला नाही, रात्री बापू जेवला नाही तर आबांनी त्याच्या ताटात स्वतः दूध ओतलं.

त्या वर्षी किती नुकसान झालं तो आकडा मी इथं लिहीत नाही, बापूला आवडणार नाही.

मागच्या वर्षी जुलैमध्ये जेवताना बापूनं विचारलं, "आबा, यंदा काय करू? मृग धरायचा का परत?" त्याचा आवाज पडलेला होता. त्याला वाटत होतं की आबांनी सांगावं, सांगितलं तर बरं होईल, जबाबदारी उतरेल. मला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आबा भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "तुझं तू ठरीव."

हे शब्द आपल्याकडं रागात बोलायचे आहेत. तुझं तू ठरव, म्हणजे मर जा, मला विचारू नको, मी हात झटकले. लग्न मोडताना म्हणतात, वाटणीच्या वेळी म्हणतात, तोंड फिरवून म्हणतात. आबांनी ते म्हटलं बापूच्या पानात आमटी वाढत. मग थांबून म्हणाले, "हस्त धरलास तर चर आधी खोल मार. कुदळ मी धरतो." बापूनं हस्त धरला. आबा चौऱ्याहत्तरीकडं झुकलेले, कुदळ काही त्यांना झेपत नव्हती, पण रोज सकाळी चराच्या कडेला बसून असायचे. व्हॉल्वच्या खोलीकडं पाठ करून.

आता माझं. इतका वेळ आबांबद्दल लिहितेय पण हा लेख लिहायला बसले ते माझ्यामुळं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. ती गेली तेव्हा बापूचं लग्न होऊन तीन वर्षं झालेली, भावजय मंगळवेढ्याकडची, मोकळी, कामसू पोरगी. पण आई गेल्यावर घर मी हातात घेतलं. सांगलीतून. रोज सकाळी साडेसातला फोन, आज काय केलं, आबांची बीपीची गोळी झाली का, दूध कुणाचं घेतलं, दिवाळीची यादी मीच करायची, पाहुण्यांना काय द्यायचं मीच सांगायचं. प्रेमानं करत होते, ह्यात खोटं काही नाही. मला वाटायचं मी आईची जागा भरतेय. आणि एप्रिलमध्ये कांदालसूण मसाला, तो तर माझाच. आईच्या हातचं प्रमाण माझ्या वहीत आहे, ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं किती भाजायचं, कांदा उन्हात किती दिवस. दर वर्षी मी सुट्टी लागली की जायचे, डंकावर समोर उभी राहून कांडून घ्यायचे, बरण्या भरायचे, वर चिठ्ठी लावायचे आणि अर्धा किलो माझ्यासाठी घेऊन यायचे. भावजय बाजूला उभी राहून मिरच्यांची देठं काढायची. सहा वर्षं देठंच काढली तिनं.

त्या जुलैच्या रात्रीनंतर मी सांगलीला येताना एसटीत सगळा रस्ता एकच विचार करत होते, की आबांनी बापूच्या हातात किल्ली दिली आणि भावजयीच्या स्वयंपाकघराची किल्ली सांगलीत माझ्या पर्समध्ये आहे. आबांनी रात्रीत पाणी सोडलं ते मला दिसलं. मी रोज सकाळी साडेसातला सोडत होते.

फोन बंद नाही केला, तो करतेच, पण आता आबांशी बोलायला करते. काय केलंय ते विचारत नाही. पहिले पंधरा दिवस जीभ वळवळायची. भावजयीलाही चुकल्यासारखं झालं असावं, कारण एकदा तिनंच फोन केला आणि म्हणाली, "ताई, काही चुकलं का माझं?" मला इतकं भरून आलं. नाही गं, म्हटलं, माझंच. जास्त नीट सांगता आलं नाही.

ह्या एप्रिलमध्ये मी वही न घेता गेले. भावजयीनं मिरची आधीच आणून ठेवली होती, ब्याडगी थोडी कमी, लवंगी जास्त. धणे आमच्यापेक्षा बरेच जास्त. खोबरं तिनं तिच्या माहेरच्या पद्धतीनं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलं, मला तो वास आला तेव्हा मी उठून पोरांचे कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर ती तीळ भाजत होती. आमच्या मसाल्यात इतके तीळ नसतात. मी मिरच्यांची पाटी ओढली आणि देठं काढायला बसले. बोटं दोन दिवस चुरचुरत होती.

डंकावरून आल्यावर तिनं बरण्या भरल्या. आईच्या बरणीवर माझ्या अक्षरातली मागच्या वर्षीची चिठ्ठी होती, ती तिनं ओल्या फडक्यानं हळूहळू सोडवली, फाडली नाही, आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं टाकून दे. तिनं नवी लिहिली, तारीख घातली. आबांनी रात्री पिठल्यावर चिमूटभर घेतला, चाटून बघितला, अजून थोडा घेतला, मत मात्र दिलं नाही.

निघताना तिनं मला अर्धा किलोची पिशवी दिली. सांगलीला आणून मी ती नेहमीच्या डब्यात भरली. दोन महिने होत आले, रंग चांगला आहे, तिखटपणा मागून येतो, तिळाचा कडवटपणा थोडा जास्त वाटतो. अजून जिभेला बसलेला नाही. रोज भाजीत घालतेय.